चौदा पदार्थांची यादी

"टेबलावर कुणाला कसली अ‍ॅलर्जी?" असे वेट्रेसने विचारले आणि सवयीने माझे तोंड उघडले. गेली अकरा वर्षे या प्रश्नाला मी एकच उत्तर देत आलो होतो: माझ्या पत्नीला कोळंबी-खेकडा वर्गातल्या सर्व प्राण्यांची गंभीर अ‍ॅलर्जी आहे, तिचे जेवण वेगळ्या तव्यावर आणि वेगळ्या तेलात करावे. हे वाक्य मी लिस्बनमध्ये कागदावर लिहून दाखवले आहे. पुतणीच्या लग्नात त्याखाली केटररची सही घेतली आहे. त्या शुक्रवारी मात्र मी म्हणालो, "नाही. कुणालाच नाही."

"परफेक्ट," वेट्रेस म्हणाली आणि पाणी आणायला गेली. समोर बसलेल्या पद्मिनीने मेनू उघडला. आमची मुलगी सावनी माझ्याकडे पाहून हसली. तिला ते उत्तर ऐकायचेच होते.

मी निवृत्त डॉक्टर आहे. अ‍ॅलर्जी आणि इम्युनॉलॉजी हा माझा विषय. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलजवळ, एकतीस वर्षे मी लोकांच्या दंडांवर सुयांच्या रांगा टोचून त्यांनी काय खाऊ नये ते सांगितले. पद्मिनी फार्मसिस्ट होती, इथल्याच एका रुग्णालयात. ती वेंगुर्ल्याजवळच्या एका खाडीकाठच्या गावची, मी नागपूरच्या शुद्ध शाकाहारी घरातला. मासे खायला मला तिनेच शिकवले.

मार्चमध्ये तिच्या मानेत, जबड्याच्या कोपऱ्याखाली, एक गाठ लागली. बायॉप्सीत जिभेच्या मुळाशी कर्करोग निघाला. आकडे वाईट नाहीत. या प्रकारात पाच वर्षांनी दहापैकी आठ रुग्ण जिवंत असतात. सोमवारपासून किरणोपचार आणि केमोथेरपी, सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. मात्र उपचाराची किंमत आहारतज्ज्ञ बाईंनी आम्हाला स्पष्ट सांगितली होती. पहिल्याच आठवड्यापासून मळमळ, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चव जाते, लाळ आटते, पुढे बहुधा पोटात नळी. चव काहींची वर्षभरात परत येते, काहींची अर्धीच येते, काहींची येत नाही. "जे मनापासून आवडतं ते या आठवड्यात खाऊन घ्या," असे त्या म्हणाल्या होत्या.

पद्मिनीला मनापासून काय आवडते हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक होते. कुर्ल्या. खाडीतले खेकडे. लग्न ठरवायच्या पहिल्या भेटीत तिने माझ्याविषयी विचारलेला पहिला प्रश्न, मी कुर्ल्या खातो का, हा होता, पगाराचा नंतर. आणि नेमक्या त्याच अकरा वर्षे तिला वर्ज्य होत्या.

त्या आठवड्यात अनपेक्षित घडले ते असे. केमोथेरपीपूर्वी रुग्णाची अ‍ॅलर्जीची नोंद तपासून घ्यावी, असा तिच्या डॉक्टरांचा आग्रह होता, म्हणून तिला माझ्याच जुन्या दवाखान्यात पाठवण्यात आले. तिथे परीक्षित आता माझ्या खुर्चीत बसतो. रक्ताची तपासणी निगेटिव्ह आली. त्वचेची निगेटिव्ह आली. मग बुधवारी त्याने निर्णायक चाचणी घेतली: दवाखान्यात, झटका आलाच तर द्यायची एपिनेफ्रिनची सुई हाताशी ठेवून, उकडलेली कोळंबी चढत्या प्रमाणात खाऊ घालायची आणि वाट पाहायची. दोन तासांत काही झाले नाही. पुरळ नाही, रक्तदाब स्थिर. परीक्षितने मला फोनवर सांगितले, "सर, काकूंनी शेवटचा डोस संपवला आणि विचारलं, अजून आहे का."

प्रौढ वयात आलेली अशी अ‍ॅलर्जी मावळण्याची उदाहरणे आहेत. फार नाहीत, पण आहेत. मी ते स्पष्टीकरण स्वीकारले. सावनीने त्याच संध्याकाळी 'तांत ओडेल'मध्ये टेबल राखून ठेवले.

'तांत' म्हणजे लुइझियानाच्या फ्रेंचमध्ये मावशी. ही ओडेलमावशी त्या दलदलीच्या मुलखातून इथे आली आणि हायवेलगतच्या एका जुन्या टायरच्या दुकानात तिने केजन पद्धतीचे खानावळीवजा रेस्टॉरंट थाटले. टेबलांवर कापडाऐवजी तपकिरी कागद अंथरलेला, गळ्यात बांधायला प्लॅस्टिकची लाळेरी, मध्यभागी कागदी टॉवेलची उभी गुंडाळी. पाच वाजले होते. मे महिन्यातले ऊन अजून खिडकीतून टेबलावर तिरके पडत होते, आणि आमच्याखेरीज फक्त दोन टेबले भरली होती.

"आई, मी बॉइल ऑर्डर करते," सावनी म्हणाली. ती डरहममध्ये वकिली करते आणि मराठी तिला येते, पण घाईत तिचे इंग्रजी पुढे धावते. "श्रिंप, क्रॉफिश, अँड क्रॅब्ज. माइल्ड. तुझ्या थ्रोटला झोंबणार नाही."

"चालेल," पद्मिनी म्हणाली. मग ती वेट्रेसकडे वळली. "तुमच्या सीफूड गंबोत काय काय असतं?"

"कोळंबी, ऑयस्टर आणि खेकडे, मॅम. रसाच मुळी आख्ख्या खेकड्यांचा असतो. म्हणून तर चव."

"मग मला चिकन-सॉसेजचा द्या."

मी याची मनात नोंद केली, पण तेव्हा तिला महत्त्व दिले नाही.

गंबो आला. मैदा तेलात चॉकलेटच्या रंगापर्यंत भाजून त्यावर उभारलेले हे दाट कालवण, भातावर ओतलेले. पद्मिनीने एक चमचा तोंडात घेऊन बराच वेळ ठेवला. मानेची गाठ बाहेरून दिसत होती. घास गिळताना ती किंचित वर सरकली आणि परत खाली आली.

"पीठ जाळायच्या एक पाऊल आधी थांबलेत," ती म्हणाली. "जमायला हात लागतो."

"पुढच्या वेळी तू बनव," सावनी म्हणाली, आणि घाईने पाण्याचा ग्लास उचलला. पुढच्या वेळेविषयी आम्ही तिघेही जपून बोलत होतो.

त्यानंतर बॉइल आले. वेट्रेसने वाफाळणारी पिशवी थेट टेबलाच्या कागदावर उलटी केली: कोळंबी, लालभडक क्रॉफिश (गोड्या पाण्यातले बोटभर शेवंडच), मक्याच्या कणसांचे तुकडे, बटाटे, सॉसेजच्या चकत्या आणि तीन अख्खे खेकडे. लसूण आणि लाल मिरचीचा वास उठला, आणि त्याखाली दुसरा, समुद्राचा. हा वास माझ्या घरात अकरा वर्षांत आला नव्हता.

पद्मिनी कोळंबी खाऊ लागली. दोन्ही हातांनी, मान खाली घालून. डोके मोडायचे, कवच अंगठ्याने सोलायचे, शेपूट चिमटीत धरून ओढायची. मी पाहत राहिलो. सहाव्या कोळंबीनंतर तिने क्रॉफिश घेतला. तो तिने आयुष्यात पहिल्यांदाच खाल्ला असावा, पण तिच्या बोटांना शिकवावे लागले नाही. खेकडे तिच्या बाजूला पडले होते. तिने चमच्याच्या मागच्या बाजूने ते एकेक करून माझ्याकडे ढकलले.

ही दुसरी नोंद. आता दोन झाल्या होत्या.

"पद्मिनी, कुर्ली घे की."

"नको. तुम्ही घ्या."

"घाबरू नकोस. कोळंबी आणि खेकडा दोघांतही तेच प्रथिन असते. ट्रोपोमायोसिन. कोळंबी पचली आहे, तर खेकडा त्रास देईल याची शक्यता—"

"ठाऊक आहे मला ट्रोपोमायोसिन. अकरा वर्षं ऐकतेय."

"मग?"

"नको म्हटलं ना."

"आई, मी स्पेशली तुझ्यासाठी मागवले," सावनी म्हणाली. "आय मीन, दॅट वॉज द होल पॉइंट."

पद्मिनीने कागदी टॉवेल फाडून हात पुसले. मी शक्यता तपासू लागलो, कारण मला तेवढेच येते. गिळायला त्रास? तोच पोत कोळंबीचा. चव आवडेनाशी झाली? अकरा वर्षे न चाखलेल्या पदार्थाविषयी ते कळणार कसे? निव्वळ भीती? मग बुधवारी कोळंबी मागून कशी घेतली? प्रत्येक गृहीतक एकाच जागी अडखळत होते. तिला सर्व चालत होते आणि फक्त एकच प्राणी चालत नव्हता. अ‍ॅलर्जी अशी वागत नाही.

मग मी तो प्रश्न विचारला, जो मी अकरा वर्षांपूर्वी विचारायला हवा होता.

"तुला अ‍ॅलर्जी झाली होती का?"

तिने माझ्याकडे पाहिले. "नाही," ती म्हणाली.

इथे मागचे थोडे सांगणे भाग आहे. अकरा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत माझी बायपास झाली, आणि पाठोपाठ रक्तात जंतुसंसर्ग पसरला. सहा दिवस मी व्हेंटिलेटरवर होतो. पहिले अँटिबायॉटिक निरुपयोगी ठरले. मी वाचलो. एप्रिलमध्ये एका मित्राच्या घरी मेजवानीला गेलो असता पद्मिनीने खेकड्यांचे ताट पुढे सरकवले आणि सांगितले, की गेल्या खेपेला खाल्ल्यावर ओठ सुजले होते. मी तिथेच, अंगणात उभ्या उभ्या, प्रश्न विचारले. किती मिनिटांत? वीस. आधी काय? तोंडात खाज, मग ओठ, मग घसा आवळल्यासारखा. किती वेळ टिकले? बेनाड्रिलची अ‍ॅलर्जीची गोळी घेतल्यावर दीड तास. इतकी निर्दोष हकिगत मला एकतीस वर्षांत रुग्णांकडून क्वचितच मिळाली. ती निर्दोष होती म्हणूनच संशय यायला हवा होता. खरे रुग्ण चुकतात, क्रम विसरतात, मध्येच शेजारणीची गोष्ट सांगतात.

तपासणी करून घे, असे मी तेव्हा म्हटले होते. ती पुढे ढकलत गेली. आपल्याच माणसावर आपण उपचार करू नयेत, या नियमाचा मी आधार घेतला. आणि तोच नियम मोडून त्याच रात्री चौदा पदार्थांची यादी रोमन लिपीत टाइप करून फ्रिजवर लावली. कुर्ल्या, कोळंबी, शेवंड, क्रॉफिश, सुकट, सोडे; खबरदारी म्हणून शिंपल्यांच्या वर्गातल्या तिसऱ्या, कालवे, शिंपल्या, माकूल, स्कॅलप; शिवाय ऑयस्टर सॉस, श्रिंप पेस्ट आणि बाहेरचे कुठलेही तळण. जुनी कढई मी स्वतः गुडविल या जुन्या वस्तूंच्या दुकानाला देऊन आलो.

"मग काय होतं?" मी विचारले.

"कुर्ल्या सोडल्या होत्या," ती म्हणाली. "आमच्या गावच्या सातेरीला बोलले होते. तुम्ही उठलात तर जन्मभर खाणार नाही म्हणून."

सावनीच्या हातातले कणीस तसेच राहिले. "नवस? आई, यू डिड अ नवस?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस?" मी म्हणालो.

"तुम्हाला?" ती पहिल्यांदाच हसली. "कसं सांगणार होते? त्याच्या आदल्या गणपतीत तुम्ही मंडळात भाषण केलंत. 'नवस आणि संख्याशास्त्र.' ज्याचा नवस फळला नाही तो माणूस देवळात पेढे घेऊन परत येत नाही, म्हणून देवाचा हिशेब नेहमी बरोबर दिसतो. लोक किती हसले. तुम्हाला देवनागरी टायपिंग येत नाही. स्मरणिकेसाठी तो लेख मीच टाइप केला होता."

तो लेख मला आठवत होता. त्यातला युक्तिवाद आजही बिनचूक आहे.

"एक मिनिट," सावनी म्हणाली. तिच्यातली वकील जागी झाली होती. "मी सुट्टीत घरी आले की बाबा मला गॅरेजमध्ये हात धुवायला लावायचे. बिकॉज मी रस्त्यात लॉब्स्टर रोल खाल्ला होता. जॅकेट बाहेर काढायला लावलं होतं! इन डिसेंबर! अँड यू जस्ट स्टुड देअर?"

"वाईट वाटायचं," पद्मिनी म्हणाली. "पण जॅकेटला वास छान यायचा."

सावनी हसली आणि मग तिने टॉवेल डोळ्यांना लावला.

माझ्या मनात तोवर एक साधी वजाबाकी चालली होती, आणि तिचे उत्तर मला नको होते.

"नवस फक्त कुर्ल्यांचा होता?"

"फक्त कुर्ल्यांचा."

"मग कोळंबी? तिसऱ्या? सुकट?"

"ते तुम्ही बंद केलंत." आवाजात तक्रार नव्हती, गोळ्यांची मात्रा वाचून दाखवावी तसे ती बोलली. "मला वाटलं होतं, एक कुर्ली सोडायची, त्याला काहीतरी कारण सांगायचं, झालं. तुम्ही यादीच लावलीत. मग कसं म्हणणार, की कोळंबीने होत नाही? तुम्ही लगेच ट्रोपोमायोसिन काढलं असतंत. एक खोटं बोलले होते, ते तुमच्या शास्त्रात अगदी बसलं. बसल्यावर काढता येईना."

देवीने एक पदार्थ घेतला होता. उरलेले तेरा मी घेतले होते. खाडीकाठी वाढलेल्या बाईला मी अकरा वर्षे सुकटीच्या चटणीपासून दूर ठेवले, आणि दर वर्षी एपिनेफ्रिनची नवी सुई तिच्या पर्समध्ये ठेवताना मला आपण दक्ष पती असल्याचे समाधान वाटत होते.

त्यावर मी काय बोलायला हवे होते ते मला आता कळते. तेव्हा मी वाद घातला.

"पद्मिनी, मी मेरोपेनेमने वाचलो. रक्ताच्या कल्चरचा रिपोर्ट पाचव्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आला. साडेपाचला औषध बदलले. चोवीस तासांत ताप उतरला."

"मला सांगता? ती बाटली आमच्या फार्मसीतून वर गेली. माझ्याच सहकारिणीने भरली, मी काचेच्या अलीकडे उभी होते. लेबल दोनदा वाचलं."

"मग हे तुला मान्य आहे."

"मान्य न करायला काय झालं? औषधानेच वाचलात."

"आणि नवस तू कधी केलास?"

"त्याच दिवशी. दोन वाजता. पार्किंग डेकच्या तिसऱ्या मजल्यावर, गाडीत बसून."

"तेव्हा रिपोर्ट आलेलाच नव्हता. कशाच्या आधारावर—"

"आधारच नव्हता, अहो. म्हणून तर."

वेट्रेस येऊन सर्व ठीक आहे का असे विचारून गेली. सर्व छान आहे, असे आम्ही तिघांनी एकदम सांगितले.

मी आवाज खाली आणला. "हे बघ. सोमवारनंतर काय होणार ते तुला माझ्याइतकेच ठाऊक आहे. चव परत येईल, न येईल. तू ज्याच्यासाठी हे सोडलेस तो माणूस समोर बसलाय, धडधाकट. औषधाने झाले हे तूही मानतेस. मग खायला हरकत कसली?"

खिडकीतले ऊन खेकड्यांवर आले होते. उकडल्यावर त्यांच्या निळ्या पायांना केशरी रंग चढला होता.

"औषधाने झालं," ती म्हणाली. "पण मी बोलले होते. कुणी ऐकलं की नाही, हा तुमचा विषय. मी बोलले, हे मला माहीत आहे."

नवसाने काही घडते, असा दावा तिने केला असता तर माझ्याकडे आकडे होते. तिने दावाच केला नव्हता.

"कॅन्सल नाही करता येत?" सावनीने विचारले. "लाइक, टेम्पलमध्ये कुणाला विचारून?"

"येतं. कौल लावतात. गुरव देवीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावतो आणि विचारतो. उजवी पडली तर सुटका."

उजवी पडण्याची शक्यता निम्मी. पाकळ्या ओल्या चिकटवतात आणि गुरवाच्या हातावर बरेच अवलंबून असते, हे त्याच लेखात दुसऱ्या पानावर मी लिहिले आहे. मी खिशातून फोन काढला.

"गुरवाचा नंबर आहे तुझ्याकडे?"

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या.

"व्हिडिओवर लावता येईल," मी म्हणालो. "आत्ता लावू."

"अहो, तिकडे पहाटेचे तीन वाजलेत," पद्मिनी म्हणाली. "देवीला झोपेतून उठवणार? तेही तुम्ही?" आणि ती मोठ्याने हसली, गाठीवर ताण आला तेव्हा मान धरून थांबली. मग हात पुढे करून तिने माझा फोन कागदावर पालथा ठेवला.

"कौल मिळाला तरी मी नाही खाणार. खरं सांगू?" ती म्हणाली. "सगळं समजतं मला. तुमचा लेख मी टाइप केलाय, त्यात चूक नाही. पण सोमवारी मी त्या किरणोपचाराच्या मुखवट्याखाली जाऊन पडणार. सात आठवडे. मला रोज तिथे नेणार कोण? तुम्ही. तुमच्या त्याच हृदयावर. आणि आज मी ते मोडू? मी नाही मोडत. मूर्खपणा म्हणा."

"नाही म्हणणार," मी म्हणालो.

मी खरोखरच म्हणालो नाही. तिच्या जागी बसून, तिच्याइतकीच माहिती असताना, मी काय केले असते, हे मला सांगता येत नाही. एकतीस वर्षांत ज्यांच्यावर प्रयोग झालाच नाही अशा गोष्टींविषयी मी मत देत नसे. ही त्यांतलीच एक होती.

सावनीने खेकडे उचलून बाजूला ठेवायला हात पुढे केला.

"राहू दे," पद्मिनी म्हणाली. "वाया कशाला? बाबा खातील."

"मला फोडता येत नाही," मी म्हणालो. हे खरे होते. लग्न झाल्यापासून ती मला फोडून द्यायची. मी शिकलोच नाही.

"ते मला ठाऊक आहे."

तिने सर्वांत जड खेकडा निवडला. पोटाखालची झडप अंगठ्याच्या नखाने उचकटली, कवच मागून धरून एका हालचालीत उघडले, कल्ले ओरबाडून बाजूला टाकले आणि धड मधोमध मोडले. नांगीवर तिने टेबलावरचा अडकित्त्यासारखा चिमटा ठेवला, आतल्या मांसाला धक्का न लावता फक्त कवच तडकवले, आणि अख्खा पांढरा तुकडा, टोकाला लालसर, माझ्या बशीत ठेवला.

"खा."

मी खाल्ला.

"कसं आहे?"

"चांगलं आहे."

"चांगलं हे निरीक्षण झालं का?" ती म्हणाली. "नीट सांगा."

मी डोळे मिटले. "गोड. पण लगेच नाही. आधी मसाला लागतो, मीठ, लसूण. ते बाहेरचे आहे, आतपर्यंत गेलेले नाही. मग तंतू सुटतात. लांब आहेत. दाताखाली आल्यावर त्यांतून पाणी येते, ते गोड."

"किती गोड?"

"ओल्या नारळाइतके. त्याहून थोडे कमी."

"आमच्या खाडीतल्यापेक्षा?"

"ती मी तुझ्या भावाच्या घरी खाल्ली होती. त्याला तेवीस वर्षे झाली. तुलना विश्वासार्ह नाही."

"नसू दे. सांगा."

मी दुसरा तुकडा घेतला आणि जमेल तेवढे आठवले. "तुमची जास्त खारी. आणि शेवटी एक चिखलासारखा वास यायचा, वाईट नाही, जड. इथे तो नाही. हे पाणी स्वच्छ असावे."

"चिखलाचा," ती म्हणाली. "बरोबर. तोच." तिने दुसऱ्या खेकड्याचे पाय मोडायला घेतले.

असे आम्ही तिन्ही खेकडे संपवले. ती फोडत होती, मी खात होतो आणि सांगत होतो; कुठे शब्द ढिला पडला की ती अडवायची. 'मऊ' तिला चालले नाही. 'लुसलुशीत' चालले. धडातल्या पिवळ्या भागाचे वर्णन मला तीनदा करावे लागले. सावनी एक हात आईच्या पाठीवरून फिरवत होती आणि दुसऱ्या हाताने, तिला नकळत, मक्याचे दाणे एकेक करून सोलत होती. जेवणात मी इतके बारीक लक्ष त्यापूर्वी कधी दिले नव्हते.

वेट्रेसने गरम ओले टॉवेल आणि लिंबाच्या फोडी आणल्या. सावनीने आणि मी हात पुसले. पद्मिनीने टॉवेल तसाच परत ठेवला.

"आई, हात?"

"असू दे."

घरी येताना ती गाडीत माझ्या शेजारी बसली होती. सिग्नलला थांबलो तेव्हा मी पाहिले: तिने दोन्ही तळहात नाकासमोर धरले होते आणि डोळे मिटले होते. सिग्नल हिरवा झाल्याचे मागच्या गाडीने मला सांगितले.

घरी पोचलो तेव्हा सात वाजायचे होते आणि बाहेर अजून उजेड होता. मी सरळ स्वयंपाकघरात गेलो. फ्रिजवरची यादी लॅमिनेट केलेली होती. अकरा वर्षांत कोपरे पिवळे पडले होते. खोडायला मार्कर शोधला. कोळंबीवरून रेघ मारली, मग शेवंडीवरून, मग एकेक करत शेवटच्या तळणापर्यंत. पहिल्या ओळीपाशी हात थांबला. ती ओळ मी तशीच ठेवली.

पद्मिनी पाठीमागे येऊन उभी राहिली. तिने यादी वरपासून खालपर्यंत वाचली, औषधाचे लेबल वाचावे तशी.

"तेरा आहेत," ती म्हणाली. "आणि उद्या नि परवा, दोनच दिवस. कालवं कच्ची नकोत, केमोच्या आधी. तळलेली चालतील. माकूल मिळालं तर सावनीला साफ करायला सांगू. ती वकील आहे, तिला जमेल."

"आय हर्ड दॅट," सावनी बैठकीतून म्हणाली.

"ते कोरियन दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

"नऊ."

"मग तिसऱ्या आत्ताच बघू. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवाव्या लागतात, नाहीतर वाळू लागते." ती कपाट उघडून आत वाकली आणि भांडी सरकवू लागली. "आणि अहो, माझी ती कढई कुठे दिलीत तुम्ही?"

"गुडविलला."

"जाताना एक कढई घेऊ," ती म्हणाली. मी गाडीची किल्ली उचलली.